पाण्याकाठची ओटी

उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात राजूशेठचा जीन्सचा कारखाना आहे. अंजनी तिथे बेल्ट लावते. बेल्ट म्हणजे पँटची कंबरपट्टी. जाड कापडाचे थर एकदम सुईखाली घ्यावे लागतात. हात ढिला पडला की सुई मोडते, घाई केली की शिलाई वाकडी जाते. वाकडी गेलेली शिलाई अंजनी कोणी सांगायच्या आधीच उसवते.

या बाईने चाळिशी उलटल्यावर बारावी दिली आणि मानसिक आरोग्य व समाजसेवेच्या दोन वर्षांच्या पदविकेला नाव घातलं. वर्ग संध्याकाळी, कारखाना सुटल्यावर. अभ्यास पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी. नवरा सदू अंबरनाथला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. रात्रपाळी करून तो घरी यायचा तेव्हा ही पुस्तकात डोकं घालून बसलेली असायची.

"वेड्यांची डॉक्टरीण होणार का आता?" तो विचारायचा.

"हो. पहिला पेशंट घरातच आहे. चहा ठेवा, दोघांचा."

तो मुकाट्याने ठेवायचा. बायको हे सगळं कशासाठी करते ते त्याला माहीत होतं. वर्गात मात्र तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

अंजनीचं माहेर बारवी धरणाच्या आतल्या अंगाला, खालची वाडी. धरणाची उंची वाढवली तेव्हा वाडी पाण्याखाली गेली. धाकटा भाऊ रघू नव्या जागी रमला नाही. घर होतं, दार होतं, तरी उठून पाण्याकाठी जाऊन बसायचा. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, मग झोप. भगत झाला, उतारा झाला. अशा माणसाला डॉक्टरकडे न्यायचं असतं हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, अंजनीलाही नाही. एक दिवस तो घरातून गेला तो आजवर परत आला नाही. आईबाप त्याची वाट बघतच संपले.

दर गौरीला रघू मुराळी होऊन बहिणीला न्यायला यायचा. कारखान्यात पाऊल टाकायला लाजायचा, दारात उभं राहून हाक मारायचा. तो गेल्यापासून तिला न्यायला कोणी आलं नाही. आणि न्यायचं तरी कुठे? पहाटे नळ सुरू झाला की ती बादली लावते. पाणी धरणाचंच येतं.

पदविकेच्या दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक असतं. एक आजारी माणूस, त्याचं घर. दर आठवड्याला जायचं, औषधपाणी मार्गी लावायचं, घरच्यांना शिकवायचं आणि शेवटी असं बाहेर पडायचं की आपल्यावाचून त्यांचं अडू नये. शिकवणाऱ्या हिमानी मॅडम उल्हासनगरच्याच, सिंधी घरातल्या. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या.

"काही घेऊ नका, काही देऊ नका, नातं जोडू नका. चाय पिलाई तो पी लो, बस," त्या म्हणायच्या. "धरणाकडे वरच्या वाडीत एक मुलगा आहे. लांब आहे. कोण जाईल?"

कोणी हलेना. अंजनीने हात वर केला.

"तुमचं कोणी आहे का तिकडे?"

"नाही," अंजनी म्हणाली. ते खोटं नव्हतं. कोणी उरलंच नव्हतं.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. बदलापूरहून बसने फाट्यापर्यंत, पुढे चढण. वरच्या वाडीत सखूबाई आणि तिचा मुलगा साईनाथ, दोघंच राहायची. साईनाथ बदलापूरच्या नव्या इमारतींना रंग द्यायच्या कामावर होता. परांचीवर चढला की त्याला कोणी तरी नावाने शिव्या देतंय असं ऐकू यायला लागलं. काम सोडून आला तो घरामागे लाकडांच्या ढिगावर बसून राहिला.

सखूबाईने अंजनीला दारातच अडवलं. "पान्याच्या हापिसातनं आलीस? आमची सगळी मोजनी झाली."

"नाही मावशी. साईनाथला भेटायला आले."

"त्याला काय झालंय? खातो, बसतो."

अंजनीने वाद घातला नाही. ओसरीवर सुपात तांदूळ पडले होते. ती सूप पुढ्यात ओढून खडे निवडू लागली. हात रिकामे ठेवून बसलेल्या बाईशी त्या भागात कोणी मनातलं बोलत नाही. निम्मं सूप झाल्यावर सखूबाई समोर येऊन बसली.

"कुठली गं तू, बाय?"

"खालच्या वाडीची."

म्हातारीचा हात थांबला. "बुडाल्याली?"

"हो."

"कुनाची?"

अंजनीने बापाचं नाव सांगितलं. सखूबाईने सूप बाजूला सारलं आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळून बोटं कडाकडा मोडली. "तुज्या बापाकडनं आमी भाताचं बी आनायचो. आन मी इचारते, कोन हायस!"

मॅडमचा तिसरा नियम पहिल्याच दिवशी मोडायला लागला होता. अंजनीला ते कळलं, पण ती उठली नाही.

साईनाथ बोलायला तयार नव्हता. ती त्याच्यापासून थोडी लांब, त्याच ढिगावर बसायची. तोही पाण्याकडेच बघायचा. काही शुक्रवार असेच गेले. मग महिन्यातून एकदा येणाऱ्या सरकारी डॉक्टरकडे तिने मायलेकांना नेलं. गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांनी चुलीच्या राखेत तिला गोळ्या सापडल्या. ती रागावली नाही.

"का रे टाकतोस?"

"हात थरथरतो. ब्रश धरवत नाय."

हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तिने डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी गोळी बदलली. थंडी पडेपर्यंत साईनाथने परसाला कुंपण घातलं आणि घराचं दार निळं रंगवलं. अंजनी फाट्यावरून वर चढायला लागली की ते निळं दार आधी दिसायचं. मग तिची पावलं आपोआप भरभर पडायची. उन्हं तापायला लागल्यावर पाणी उतरलं आणि काठाजवळ एक काळा बुंधा वर आला.

"तुमची चिंच ती," सखूबाई म्हणाली. "तुजं घर तिच्या खालच्या अंगाला."

अंजनी त्या बुंध्याकडे बघत राहिली. त्या दिवशी तिची बस चुकली.

प्रात्यक्षिकाचा शेवटचा शुक्रवार आला. अंजनी निघायला उठली तर सखूबाईने पाट मांडलेला. ताटात हळदकुंकू, नारळ, घरच्या शेतातले तांदूळ आणि हिरवा खण.

"बस. रिकामी जाऊ नको."

पुढे आलेली ओटी बाई नाकारत नाही. अंजनीने पदर पसरला. तांदूळ पदरात पडले तसा तिचा बांध फुटला.

"आता ह्ये तुजं म्हायेर," सखूबाई म्हणाली. "गौरीला यायचं."

"येईन," अंजनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिने मॅडमना सगळं सांगितलं. माहेर, रघू, ओटी.

"अंजनीताई, ये क्या किया आपने!" हिमानी मॅडमनी कपाळाला हात लावला. "प्रश्न नुसत्या नारळ-तांदळाचा नाही हो. पण जाणार का गौरीला?"

"जाणार."

"मग उद्या साईनाथ बिघडला तर तुम्ही कोण? कार्यकर्ती की बहीण? मध्ये एका शुक्रवारी तुम्हाला ताप होता. तेव्हा गोळ्या घेतल्या त्याने?"

अंजनीला आठवलं. पुढच्या खेपेला गोळ्या तशाच दिसल्या होत्या. 'ताई आलीच नाय, मंग कोन इचारनार,' साईनाथ म्हणाला होता.

"तो गोळी कोणासाठी घेतो?"

"माझ्यासाठी."

मॅडमनी सरळ सांगितलं. ओटी परत करायची, नातं तोडायचं, मग एप्रिलला परीक्षा देता येईल. नाही तर हे घर दुसऱ्या कोणाला द्यायचं आणि अंजनीने दुसऱ्या गावात प्रात्यक्षिक पहिल्यापासून करायचं. वर्ष जाईल. अंबरनाथच्या एका केंद्रात तिच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. ती कोणी तिच्यासाठी थांबवून ठेवणार नव्हतं.

घरी सदूने ऐकून घेतलं. "ओटी परत करतात होय कुठे? जाऊ दे वर्ष."

"वर्षाचं नाही हो," अंजनी म्हणाली. "काम कच्चं झालंय. मी हात दाबून धरलाय म्हणून शिलाई जुळल्यासारखी दिसते. हात काढला की उसवणार."

पुढच्या शुक्रवारी ती खालच्या वर्गातल्या, आता प्रात्यक्षिक सुरू करणाऱ्या प्रतिभाला घेऊन वाडीवर गेली. प्रतिभा वांगणीची, विशीतली, चढणीला न थकणारी. सखूबाई हसत सामोरी आली. अंजनीने उभ्या उभ्याच सांगितलं, नाही तर तिच्या तोंडून शब्द फुटला नसता.

"मावशी, ओटी घेतली ती घेतली. पण आता शुक्रवारी प्रतिभा येईल. मी नाही. साईनाथ कोणी न विचारता गोळी घ्यायला लागला की मला न्यायला पाठवा. तोवर मी येणार नाही."

सखूबाईचं हसू गेलं. "लेक म्हनवतेस नि अट घालतेस?"

"हो."

म्हातारी आत गेली. साईनाथ ढिगावर बसला होता. त्याने मान वर केली नाही. वळणावर अंजनीने मागे पाहिलं. निळं दार लावलेलं होतं.

तिचं नवं प्रात्यक्षिक वांगणीकडे एका घरात सुरू झालं. पुन्हा पहिल्यापासून ओळख, पुन्हा नकार. एप्रिलला बरोबरच्या बायका परीक्षेला बसल्या, अंबरनाथच्या जागेवर दुसरी लागली. अंजनी बेल्ट लावत राहिली. दुसऱ्याच्या पेशंटबद्दल विचारायचं नाही हा नियम होता. तो तिने पाळला. वर्गात प्रतिभा भेटली की ती एवढंच विचारायची, "बस वेळेवर असते का गं?"

"असते, ताई."

"चढणीला सावली आहे?"

"आहे. करवंदं लागलीत."

तेवढ्यावर अंजनीचा आठवडा जायचा. पावसाळा लागल्यावर करवंदंही संपली. "धरण भरत आलं का?" तिने एकदा विचारलं. प्रतिभा म्हणाली, "तो काळा बुंधा गेला, ताई, पाण्याखाली." अंजनीने मान हलवली आणि वही उघडली.

ओटीचे तांदूळ तिने शिजवले होते, नारळ फोडला होता. खण मात्र शिवला नव्हता. दुसऱ्यांसाठी ढिगाने पँटी शिवणारी बाई स्वतःच्या खणाला कात्री लावेना. श्रावण सरता सरता एका पहाटे तिने पुस्तक मिटलं आणि चोळी बेतली. शिवून झाल्यावर खुंटीला अडकवली.

गौरी आल्या. मुराळी आदल्या दिवशी येतो. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने ती हिरवी चोळी घातली आणि डबा भरून कामावर निघाली. सदू नुकताच पाळीवरून आला होता. त्याने चोळीकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण नीट लावून दिलं.

जेवणाची सुट्टी होऊन गेली. मशिनं पुन्हा सुरू झाली. दारातला उजेड अडला म्हणून अंजनीने वर पाहिलं. दारात कोणी तरी उभं होतं. धुतलेला शर्ट, खांद्याला पिशवी. आत पाऊल टाकत नव्हता.

राजूशेठ ओरडले, "कौन है भाई? माल छोडने आया क्या?"

"नाय. तायेला न्यायला आलोय." साईनाथने आत नजर टाकली. त्याला ती सापडली. "प्रतिभाताईनं पत्ता दिला. काल यायला निघालो हुतो. फाट्यावरनं परत फिरलो, गर्दीला भ्यालो. आज आलो. आई रागावलीय, पन गौरीला गोड केलंय."

अंजनीच्या ओठांवर एकच प्रश्न आला. तो तिने गिळला.

त्याने पिशवी चाचपली. "रातची गोळी संगं आनलीय," तो म्हणाला. "माज्याकडंच ठेवतो आता, माजा मीच घेतो. घरी कुनाला इचारावं लागत नाय."

राजूशेठनी चष्मा वर केला. "कौन है, अंजनी?"

सुईखाली अर्धा बेल्ट होता. तिने तो शेवटपर्यंत नेला, धागा कापला, शिलाईवरून अंगठा फिरवून बघितला. मग मशीन बंद केलं.

"भाऊ आहे," ती म्हणाली. "न्यायला आलाय."