एका पिशवीला एकच होकार

माझी लेक ऑपरेशन टेबलावर, तिला तातडीने रक्त हवं होतं, आणि माझ्याच सुनेच्या प्रोग्रॅमने तोंडावर सांगितलं, 'नाही'. माझं डोकंच फिरलं!

तशी सून लाखात एक. रक्तपेढीसाठी सॉफ्टवेअर लिहिते. बोलायला कमी, पण कामात भलती हट्टी. मागे एकदा रक्ताची शेवटची एकच पिशवी दोन हॉस्पिटलांना 'मिळाली' म्हणून कळवली गेली. बरोबरचे लोक म्हणाले, "क्वचित होतं असं, सोडून दे." ही कसली सोडते! हात धुऊन मागे लागली. दूध उतू गेलं, भाजी करपली, मी बडबड बडबड बडबडले. हिचं लक्षच नाही.

शेवटी जेवताना स्वारी खुलली. "आई, एकाच प्रोग्रॅममध्ये बरीच कामं एका वेळी धावत असतात. थ्रेड म्हणतात त्यांना. एक थ्रेड बघतो, पिशवी आहे. तो ती घेणार एवढ्यात दुसराही बघतो, आहे. दोघंही खूश, पिशवी मात्र एकच."

"मग गं?"

"बघणं आणि घेणं मी एकच करून टाकलं. ॲटॉमिक म्हणतात त्याला. मध्ये कुणाला घुसताच येत नाही. एकाला मिळते, दुसऱ्याला तिथल्या तिथे नकार."

"एवढ्यासाठी माझी भाजी करपवलीस होय!" मी म्हटलं. पण मनातून कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

लेकीच्या ऑपरेशनच्या दिवशी नेमका तो नकार आमच्या वाट्याला आला. शेवटची पिशवी त्याच क्षणी दुसऱ्या हॉस्पिटलने घेतली होती. मी भर कॉरिडॉरमध्ये सुनेवर तोंडसुख घेतलं. "अगं, नणंद आहे ती तुझी! घरच्या माणसासाठी तरी..." पण नकार दिसताच तिने माझ्या मुलाला दुसऱ्या रक्तपेढीकडे पिटाळलं होतं. तो पिशवी घेऊन धापा टाकत आला. रक्त चढलं, लेक वाचली. डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर काही खरं नव्हतं."

सून बाकावर बसून मुसमुसत होती. मी शेजारी बसले, पदराने तिचे डोळे पुसले. विचारलं, "जुनाच प्रोग्रॅम असता तर गं?"

"तर दोघांनाही 'हो' म्हणाला असता, आई."

आणि त्या 'हो'वर विसंबून मी मुलाला जागचं हलू दिलं नसतं.