कोरं पेट्रोल

कोराडीच्या क्वार्टरमागच्या अंगणात एका सकाळी जे घडलं, त्याला माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता. म्हणूनच ते आजवर लपून राहिलं. नवऱ्याला मी ते सांगितलेलं नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. वर्तमानपत्रात काम केलं. दुसऱ्यांच्या चुका छापल्या — कोणाचा पूल खचला, कोणाची फाइल हरवली. स्वतःच्या चुकीला एक ओळ दिली नाही. आज देते आहे. तुम्ही ओळखीचे आहात असं समजून सांगते. तसं समजल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

आधी वहिनी.

वहिनीचं नाव पंचशीला. उमरेडकडच्या खेड्यातली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दादाशी लग्न होऊन ती आमच्याकडे आली, तेव्हा मी कॉलेजात होते. दादा वीज केंद्रात नोकरीला. आमच्या कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची. प्रत्येक कपडा दोनदा झटकून घडी घालायची सवय वहिनीला आठवड्याभरात लागली. मोटारसायकलची सवय त्याहून लवकर लागली.

कारण ती मोटारसायकल घरातच असायची. जुनी, अडीचशे सीसीची. दादाने तिचे दिवे काढून टाकले होते, मडगार्ड वर चढवलं होतं, खोल खाचांचे टायर बसवले होते. एंड्युरो म्हणून शर्यती तेव्हा नागपूरच्या आसपास नुकत्याच होऊ लागल्या होत्या. त्यात रिंगणात नुसतं जोरात पळायचं नसतं. शेतातून, नाल्यातून, नदीच्या रेतीतून, खाणीच्या मातीच्या ढिगांवरून आखलेली लांबलचक वाट असते; ती वेळेत पुरी करायची आणि मुख्य म्हणजे गाडी शेवटपर्यंत चालू ठेवायची. दादा त्यात उतरायचा. कंबर दुखावल्यावर त्याने गाडी माझ्या हातात दिली. का दिली? धाकटा भाऊ नव्हता, म्हणून असेल. बायका या शर्यतीत उतरत नसत. उतरू नये असा नियमही नव्हता — नियम करण्याची वेळ येईल, असं कोणाला वाटलंच नसावं.

वीज केंद्रातून दादाला मिळालेले सेफ्टी बूट मी पुढे चिंध्या कोंबून घालायची. डोळ्यांना वेल्डरचा पांढऱ्या काचांचा चष्मा. वहिनी माझी वेणी घट्ट बांधून शर्टाच्या आत सोडायची. पहिल्या शर्यतीला रांगेत उभी होते, तेव्हा शेजारचा एक गडी मोठ्याने म्हणाला, "काहो ताई, सैपाक आटपून आल्या का?"

वहिनी कडेवर पोर घेऊन दोरीपलीकडे उभी होती. ती म्हणाली, "आटपला ना भाऊ! तुमचाही डबा बांधून आणला. मागं पडले तर भूक लागन ना तुमाले."

रांगेतले सगळे हसले. तो गडी त्या दिवशी खरोखरच माझ्या मागे राहिला. डबाही त्याने खाल्ला.

अशी ती होती. आणि पेट्रोलचं सगळं तिच्याकडे असायचं. त्या गाडीचं इंजिन दोन स्ट्रोकचं. अशा इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही. त्यात ठरलेल्या मापाने तेल मिसळावं लागतं. तेल नसेल तर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो आणि इंजिन जागच्या जागी जाम होतं. बिनतेलाच्या पेट्रोलला आम्ही कोरं पेट्रोल म्हणायचो, कोऱ्या चहासारखं. त्याचा मोठा कॅन अंगणात असायचा. वहिनी त्यातलं पेट्रोल लहान कॅनमध्ये घेऊन तेल मिसळायची. मापासाठी तिच्या मुलीची जुनी दुधाची बाटली होती, खुणा असलेली. बाटली ती उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायची आणि खूण जुळल्याशिवाय ओतायची नाही. वरणातल्या मिठाला तिने कधी इतकं जपलं नाही.

गाडी चालवायलाही ती शिकली. कॉलनीमागच्या कच्च्या रस्त्यावर, पाचवारी साडीचा काष्टा मारून. कन्हानच्या पात्रात मी रेतीत रुतले की काठावरून ओरडायची, "काहून थांबते वं मधातच? बैल थांबला का बंडी रुतलीच! चाकाकडे नको पाहू, समोर पाह!" मग स्वतः बसून पलीकडे जाऊन दाखवायची. परत यायची तेव्हा चेहरा रेतीने माखलेला आणि हसू थांबत नसे. दादाने ठरवलं, पावसाळ्यानंतरच्या शर्यतीत मी उतरेन आणि तिच्या पुढच्या शर्यतीत वहिनीचं नाव द्यायचं. वहिनी कोणाशी फार बोलली नाही. पण दादाची जुनी पॅन्ट तिने स्वतःच्या मापाने उसवून शिवायला घेतली.

दादाचा एकच कायदा होता. "मशीनशी हलगर्जी करन, त्याच्या हातात मशीन राहणार नाही. मंग तो कोणीबी असो."

आता त्या सकाळकडे येते. टाळत होते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी वहिनीने लहान कॅनमध्ये तेल मिसळलं. मी पायरीवर बसून बुटांना तेलपाणी करत होते. तिने बाटली उजेडाकडे धरलेली मी पाहिली. ओतताना पाहिली. मग बाटली धुऊन तिने ओट्यावर पालथी घातली, हेही पाहिलं.

सकाळी मी एकटीच अंगणात होते. उगाच — काही कारण नसताना — लहान कॅनचं झाकण उघडून पाहिलं आणि नीट फिरवून लावलं नाही. गाडी बाहेर काढताना कॅनला पाय लागला. तो आडवा झाला. उचलेपर्यंत निम्म्याहून जास्त पेट्रोल मातीत गेलं होतं. उरलेलंही मातकट. ते मी ओतून टाकलं आणि मोठ्या कॅनमधलं कोरं पेट्रोल भरलं. आता बाटली घ्यायची, तेल मोजायचं, मिसळायचं — इतकंच काम राहिलं होतं. तेवढ्यात बाहेर टेम्पो आला. दादा ओरडला, "चाल वं बेबी, उशीर होऊन राहिला!" कॅन मी तसाच टेम्पोत ठेवला.

मी विसरले. यात खोटं काही नाही, खरंच विसरले. विसरण्याची कबुली द्यायला मी हे लिहीत नाही.

शर्यत कन्हानच्या पुढे होती. दोन फेऱ्या. पहिली फेरी टाकीतल्या पेट्रोलवर झाली आणि चांगली झाली. माझ्या पुढे दोघेच होते. फेरीनंतर गाडीत पेट्रोल भरायचं. आंब्याच्या झाडाखाली वहिनी कॅन घेऊन तयार होती. तिने स्वतःच्या हाताने टाकी भरली, पदराने माझा चष्मा पुसला आणि पाठीत धपाटा घातला. "पळ! दोघंच तर हायेत."

नदीच्या पात्रापर्यंत सगळं ठीक होतं. रेतीत इंजिनाला जोर लागला आणि त्याचा आवाज बदलला — कोरडा, कर्कश. त्या आवाजासरशी मला पालथी बाटली दिसली. चाक मोकळं राहावं म्हणून क्लच दाबायला हवा होता. मी दाबला नाही. मागचं चाक एकदम थांबलं आणि मी हँडलवरून पलीकडे गेले. काठावर कोणीतरी ओरडलं, "बाई पडली गा, बाई पडली!" गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दुखत होतं, पण मी विचार करत होते तो दादाच्या कायद्याचा.

झाडाखाली आणून मला बसवलं. दादाने टाकीत बोट बुडवलं, मग कॅनमध्ये. बोटं एकमेकांवर चोळली.

"शीला, तेल टाकलं होतं का वं यात?"

"टाकलं होतं जी."

"हात लावून पाह. कोरं हाय हे."

वहिनीने बोटं चोळली. वास घेतला. पुन्हा चोळली. तिचा चेहरा मी पाहत होते. खात्री असलेल्या माणसाची खात्री कशी जाते, हे मी पुढे कितीतरी वेळा पाहिलं, त्याबद्दल लिहिलं. पहिल्यांदा पाहिलं ते तिथे.

"टाकलं होतं," ती म्हणाली. मग, "टाकलं होतं असं वाटते." मग माझ्याकडे वळली. "बेबी, तू पायरीवर होती ना वं? तू पाहिलं ना मले टाकतानी?"

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

एवढंच. तीन शब्द. हा माझा गुन्हा.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात माझा हात छातीशी बांधला आणि तो बरेच दिवस तसाच राहिला. त्या दिवसांत वहिनीने मला घास भरवले. अंघोळ घातली. केस विंचरले. एकदा विंचरता विंचरता तिचा हात थांबला. मागून म्हणाली, "माझ्यापायी झालं वं बाई. काय झालं होतं मले त्या दिवशी, समजतच नाही. बाटली धरल्याचं डोळ्यासमोर येते, आन् मंग वाटते ते आधीच्या दिवशीचं असन."

तिचं तोंड मला दिसत नव्हतं. सांगायला याहून सोपी वेळ कोणती होती? मी म्हटलं, "जाऊ दे ना वहिनी." म्हणजे मी तिला माफ केलं! तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या बाजूची वेणी घालायला घेतली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की दादाच्या भीतीने गप्प बसले. झाडाखाली ते खरं होतं. पण पुढे? दादाने आठवड्यातच गाडी खोलली, नवा पिस्टन बसवला आणि हसत म्हणाला, "जाऊ दे, माणूस इसरतेच." कायदाबियदा तो विसरूनही गेला होता. तेव्हा खरं सांगितलं असतं तर दादा थोडा वेळ ओरडला असता, वहिनीने मला एक चापट मारली असती आणि विषय संपला असता. मग का नाही सांगितलं?

कारण शर्यतीच्या आधीच्या रविवारी कन्हानच्या रेतीत दादाने आम्हा दोघींची वेळ घेतली होती. आधी मी गेले, मग वहिनी. वहिनी परत आली तेव्हा दादाने घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि खिशात टाकलं. मग हसला. माझ्या कुठल्याही फेरीनंतर तो तसा हसला नव्हता. वहिनीचं लक्ष नव्हतं, ती पदर झटकत होती. मी मात्र पाहिलं.

माझं लक्ष होतं. तेव्हाही होतं, आदल्या संध्याकाळी पायरीवरही होतं.

हिवाळ्यात दादाने वहिनीला विचारलं, "तुह्या नावाचं काय करू?" मी खोलीत होते. हात सुटला होता. वहिनी म्हणाली, "नको बाप्पा. जिले तेलाची याद राहत नाही, ते काय गाडी चालवन?" दादाने माझ्याकडे पाहिलं, मी समजूत घालावी म्हणून. मी घातली नाही. नंतर ती अर्धवट शिवलेली पॅन्ट उसवून तिने गाडी पुसायची फडकी केली. त्यातल्याच एका फडक्याने मी पुढे कितीतरी दिवस माझा चष्मा पुसला.

मी आणखी काही वर्षं शर्यती केल्या. एक कप मिळाला. मोटारसायकलवाली मुलगी म्हणून वर्तमानपत्रात फोटो आला आणि त्या ओळखीवरच पुढे त्याच वर्तमानपत्रात नोकरी लागली. कप वहिनीच्या शोकेसमध्ये आहे. राख तिथेही बसते. ती दर रविवारी पुसते. आल्यागेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "आमची बेबी. माणसायले मागं टाकत होती."

आणि घरात एक थट्टा सुरू झाली, ती अजून चालू आहे. भाजी फोडणीला पडली की दादा बाहेरून विचारतो, "शीला, तेल टाकलं ना?" मुलं हसतात, आता नातवंडंही हसतात. वहिनीही हसते, दादाला म्हणते, "मोजून पाहा जी, बाटली देऊ का?" मी पण हसत आले आहे. प्रेमाचीच थट्टा आहे. त्या घरात वाईट बोलणारं कोणी नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी एका लग्नाला निघालो. वहिनी फाटकापर्यंत आली आणि माघारी फिरली. गॅस पाहिला, नळ पाहिला, कुलूप ओढून पाहिलं. परत आल्यावर रिक्षात बसताना म्हणाली, "मले दोनदा पाहाच लागते वं. मी इसरते, तुले तर माहीतच हाय."

मी म्हटलं, "हो."

बातमीत चूक झाली तर आम्ही दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती छापायचो. नाव चुकलं, गाव चुकलं. मी अशा कितीतरी दुरुस्त्या लिहिल्या. त्यात कारण द्यायचं नसतं, फक्त काय खरं ते लिहायचं असतं. वहिनी माझं छापून आलेलं सगळं वाचते. चष्मा लावून, खाली ओट्याशी बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हेही वाचेल.

तेल वहिनीने टाकलं होतं. बाटली उजेडाकडे धरून, खुणेला खूण जुळवून टाकलं होतं. मी पाहिलं होतं. सांडलं मी.