डावी रिकीब

चोवीस वर्षे मी फौजेत घोड्यांमागे काढली. भरती झालो सवार म्हणून, बाहेर पडलो दफेदार म्हणून. शेवटची सहा वर्षे राइडिंग इन्स्ट्रक्टर होतो. लोकांना वाटते, हा परेडमध्ये भाला घेऊन दौडत असेल. तसले काही नाही. नवा घोडा आला की त्याला रोजच्या सवारीच्या लायक करायचे, एवढेच काम. माणूस चढेपर्यंत त्याने उभे राहावे, चल म्हटले की चालावे, थांब म्हटले की थांबावे. हे तीन जमले की घोडा पास.

रिटायर होऊन दिघोरीला आलो आणि धानाच्या शेतीला लागलो. मग एक दिवस साकोलीला माजी सैनिकांच्या बैठकीत देवदास मेश्राम भेटला. आसगावचा, इन्फंट्रीचा नायक. बॉर्डरवर सुरुंगात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. तिथे आता नकली पाय आहे.

"दफेदार साहेब, मी घोडी घेतली."

"कायले बाप्पा?"

"शेतात जायले. माही धानाची बांधी नाल्याच्या पल्याड आहे. गाडी जात नाही, अन् हा पाय चिखलात फसते. पोरगं म्हनते, ठेक्यानं देऊन टाका. मी जित्ता असेपर्यंत देत नाही. तुमी हिले शिकवा."

घोडी वरातीची होती, नाव राणी. बँड वाजो, फटाके फुटो, तिचा कान हलत नसे. पण तिला आयुष्यभर दोन्ही बाजूंनी माणसांनी धरलेले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एकटी काढली की थरथरायची. गर्दीत शांत आणि एकांतात भित्री, असे जनावर मी फौजेच्या घोड्यांच्या डेपोत कधी पाहिले नव्हते.

दुसरी अडचण देवदासची. घोड्यावर डावीकडून चढतात. डावा पाय रिकिबीत, मग उजवा वरून पलीकडे. देवदासचा डावा पाय भार घेत नव्हता, म्हणून आम्ही सगळे उलटे केले. तो उजवीकडून चढणार, मी उजवीकडे उभा राहणार. दोन महिने रोज सकाळी साडेपाचला हेच. घोडी शिकली. नकली पाय मात्र डाव्या रिकिबीतून सारखा निसटायचा.

"निसटला तर निसटू दे," मी सांगितले. "पडशील तर चिखलात पडशील. पाय बांधायचा नाही. समजलं?"

"समजलं साहेब."

मी दोरी न धरता पहिल्यांदा शेतापर्यंत जायचा दिवस ठरला. सहा दहाला देवदास चढला. त्याची बायको शीला डबा घेऊन पुढे गेली होती. तिला घोडीची भीती, म्हणून ती बांधीवरच थांबणार होती. मी खोगिराचा पोटाखालचा तंग पाहिला, रिकीब पाहिली, लगाम पाहिला आणि म्हटले, "चल."

फौजेत तपासणी डावीकडून सुरू होते, घोड्याला वळसा घालते आणि उजवीकडे संपते. मी उजवीकडेच उभा होतो. अंगाला वाटले, संपली. डाव्या बाजूला मी गेलोच नाही.

घोडी एकटी चालायला शिकावी म्हणून मी चाळीस पावले मागे होतो. नाला ओलांडला. सहा पस्तीसला धानातून रानडुक्कर निघाले आणि घोडीच्या पुढून आडवे गेले. राणी उजवीकडे उसळली. देवदास डावीकडे पडला. पण जमिनीवर आला नाही. पाय रिकिबीतच होता. खांदे आणि डोके चिखलात, पाय वर.

सायकलच्या ट्यूबचे रबर होते. मी नको म्हटले असताना त्याने नकली पाय रिकिबीला बांधला होता.

"साहेब, हे सुटून नाही राहिलं," तो म्हणाला. आवाज शांत होता. माझा नव्हता.

घोडी उभी होती, पण सगळे अंग थरथरत होते. आणखी एकदा दचकली असती तर ती पळत सुटली असती, आणि मागे दगडांचा नाला. मी धावलो असतो तरी सुटली असती. मी "हो, हो" करत एकेक पाऊल पुढे सरकलो. ती तेवढीच लांब सरली. देवदासचे डोके चिखलातून ओढले गेले.

तेवढ्यात पलीकडच्या धुऱ्यावर शीला दिसली. तोंडावर हात ठेवून उभी.

"वहिनी, ओरडू नका. धावू नका. चालत या, तिच्या डाव्या बाजूनं. वरातीत चालता तशा."

"मले भेव लागते जी!"

"मलेही लागते. या."

ती आली. खरेच आली. डावीकडून तिने लगामाला हात लावला, उजवीकडून मी. दोन्ही बाजूंनी माणसे आली तशी राणीने मान खाली टाकली. मी गळ्याखालून पलीकडे गेलो आणि खिशातला चाकू काढला. रबर ओले होते, कापेना. त्या वेळी माझ्या तोंडून निघाले, "हिलना मत, बलवान. हिलना मत."

रबर तुटले. देवदास चिखलात आदळला. सहा बेचाळीस.

शीलाने आधी त्याचे तोंड पदराने पुसले, मग झापले. "मराचं होतं तं मले सांगून तं मराचं! रबर बांधते म्हने! अक्कल बांधून ठेवली का घरी?" देवदास हसला. मग मीही त्याला फौजी शिव्या दिल्या. त्या इथे लिहीत नाही.

देवदास आजही राणीवर बसून शेतात जातो. रिकिबीला पुढून टायरचे टोपण करून घेतले आहे, पाय त्यात टेकतो, बांधावा लागत नाही. पण त्या सकाळचे सांगायचे अजून आहे.

धुऱ्यावर बसलो तेव्हा त्याने विचारले, "साहेब, बलवान कोन?"

बायकोलाही न सांगितलेले मी त्या दोघांना सांगितले. बलवान माझ्या हाताखालचा सवार होता. राजस्थानचा, बावीस वर्षांचा. एका रविवारी तो जाड तळव्याचे स्पोर्ट्सचे बूट घालून आला. राइडिंगच्या बुटाला टाच असते, पाय रिकिबीतून आरपार जात नाही. मी ते बूट पाहिले. रविवार आहे, जाऊ दे, म्हटले. घोडा बिथरला, पाय अडकला, आणि घोडा मैदान संपेपर्यंत थांबला नाही. बलवान वाचला नाही. रिपोर्टमध्ये अपघात एवढेच लिहिले गेले. बुटांचे मला कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही. त्याच्या वडिलांचा नंबर आठ वर्षे फोनमध्ये होता.

"लावा," देवदास म्हणाला.

"काय सांगू त्यांना?"

"जे आमाले सांगितलं ते."

मी लावला. म्हाताऱ्याने उचलला. नाव सांगितले, डेपो सांगितला. मग एका दमात बोललो, "बाबूजी, उस दिन बलवान ने स्पोर्ट्स के जूते पहने थे। मैंने देखे थे। रोका नहीं। गलती मेरी थी।"

 

"जूते मैंने भेजे थे," ते म्हणाले. "नए थे। मैंने ही कहा था, घोड़े पर बैठके फोटू भेजना।"

मी रडलो, देवदास-शीलासमोर. तिकडे तेही रडत होते. बराच वेळ कोणीच फोन ठेवला नाही.