दसऱ्याला बांधलेल्या वायरी

साठीची, म्हणजे अगदीच बिनडोक वयाची होते तेव्हाची गोष्ट. दसऱ्याच्या पूजेसाठी सुनेची टॅक्सी पुसताना मला स्टिअरिंगखाली एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी दिसल्या. गुंता समजून मी प्लग काढून पीळ सोडवला, प्लग परत बसवला आणि दोन्ही सरळ वायरी हॉर्नच्या वायरीसोबत नातीच्या लाल रिबिनीने बांधून टाकल्या.

दुसऱ्या दिवसापासून हॉर्न वाजवला की मीटरचे काटे नाचायचे, गाडी बंद पडायची. ऐन सणात सुनेचा धंदा बसला.

आमचा लालबागचा वायरिंगवाला बडीशेप चघळत, डोळे मिटून हॉर्न ऐकतो आणि गाडीशीच बोलतो. "कोण छळतंय गं तुला?" म्हणत तो खाली वाकला.

"उंदीर," तो सुनेला म्हणाला. "पीळ असला की हॉर्नचा त्रास दोन्ही वायरींना सारखाच होतो, मग गाडी तो मनावर घेत नाही. मेल्याने पीळच सोडवला."

त्याने पुन्हा पीळ घातला, हॉर्नची वायर लांबून नेली. सून चहा सांगायला गेली तशी त्याने मुठीतली रिबीन माझ्या हातावर ठेवली.

"काकी, तुमचा उंदीर गाठ मात्र झकास मारतो."