सीडीवरचं कुंकू

ठाकूरद्वारला चष्म्याच्या दुकानात बसलो होतो, तेव्हा सुनंदावहिनींचा फोन आला. "भावोजी, हे उठतच नाहीत हो..." चिंचपोकळीला आमच्या चाळीत पोचलो, तोवर वसंताच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. दुपारी जेवून आडवा झाला, तो झालाच. सकाळीच आमची नळावर जुंपली होती आणि संध्याकाळी तो मला उरलेलं सुनावणार होता. लेकाने भांडण अर्धंच ठेवलं.

वसंताची आणि माझी खोली शेजारी-शेजारी, मध्ये एक भिंत. त्याचे बाबा मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे आणि सुट्टी झाली की पेटी घेऊन बसायचे. पंचक्रोशीतले नावाजलेले भजनी बुवा. डबलबारीच्या सामन्यात समोरच्या बुवाला असा घाम फोडायचे की लोक पहाटेपर्यंत हलायचे नाहीत. वसंता मागे कोरसात बसायचा, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन. कुणी खोकलं तरी डोळे वटारायचा. पुढे सीडीचा जमाना आला तेव्हा ऑफिसातून आल्यावर रोज कॉम्प्युटरला डोळे लावून बसला आणि बाबांच्या सगळ्या कॅसेट सीडीवर चढवल्या. मग कॅसेटी दिल्या भंगारात. मी म्हटलं, "अरे, असू दे की!" तर म्हणतो, "दत्त्या, कॅसेटला बुरशी येते. सीडीला मरण नाही." च्यायला, काय तो विश्वास!

नंतर सीडीचेही दिवस फिरले. चाळीत जो-तो कबुतरं हाकलायला गॅलरीत सीड्या टांगू लागला. वसंताला ते सहन व्हायचं नाही. दोरीवरून उतरवून, पुसून घरी न्यायचा. बायका हसायच्या. त्याची मुलगी मंजू किती वेळा म्हणाली, "पप्पा, सगळं मोबाइलवर असतं आता. निदान तुमच्या सीड्या तरी द्या, मी कॉपी करून ठेवते." पण सीड्या घराबाहेर न्यायच्या म्हटलं की ह्याचं तोंड वाकडं. भडकला की तो मालवणीवर यायचा. "मोबाइलात जगाची गाणी आसत, माझो बापूस गावतलो काय थंय?" खरंच, नव्हतेच बाबा तिथे. ते होते फक्त वसंताच्या कपाटात.

दसऱ्याला मात्र वसंताचा थाट बघावा. बाबा मिलमध्ये साच्याची पूजा करायचे. मिल गेली, साचा गेला, पूजा वसंताने घरी आणली. पाटावर पखवाज, टाळ, बाबांची पेटी आणि सगळ्या सीड्या ओळीने. आधी ओल्या फडक्याने गेल्या वर्षीचं कुंकू पुसायचं, मग वाटीत नवं भिजवून प्रत्येक सीडीला बोट लावायचं. "वरच्या बाजूला हां. खालच्या चकचकीत बाजूला गाणं असतं, तिला बोट लावायचं नाही," हे दर वर्षी आम्हाला ऐकवायचा. इतकं तर त्याने स्वतःच्या चष्म्यालाही जपलं नसेल.

तेरावं झालं आणि वहिनी म्हणाल्या, "मला यांचा आवाज ऐकायचाय." जन्मभर कोरसात बसलेला वसंता बाबा गेल्यावर एकदाच पुढे बसून गायला होता, त्याची सीडी होती. मंजूच्या लॅपटॉपला सीडीची जागाच नाही. वसंताचं मशीन कधीच बंद पडलेलं. शेवटी दादरच्या तिच्या मैत्रिणीकडून जुना प्लेअर आणला. बाबांची एक सीडी लावली... घरघर झाली आणि थांबली. दुसरी, तिसरी, तसंच. मग वसंताची लावली. पखवाजावर थाप पडली, वसंताने घसा खाकरला, "वाईच थांबा हां," म्हणाला. आणि तिथेच अडकली. थांबा हां, थांबा हां... मग सगळं गप्प. वहिनी पुढे सरकल्या. "परत लावा ना." परत लावली तर तेवढंही लागेना.

मंजूने ती सीडी खिडकीकडे धरली. जिथे-जिथे कुंकवाचं बोट लागत होतं, तिथून पलीकडचा उजेड दिसत होता. बोटाएवढी भोकं, चांदी उडालेली. ती मला गॅलरीत घेऊन गेली आणि मोबाइलवर वाचून म्हणाली, "काका, गाणं वरच्या बाजूलाच असतं. त्या छापाच्या खाली लगेच. वरून ओल मुरली की चांदी उडते. खालून नुसतं वाचतात." माणसाने इतकं जपायचं आणि जपण्यानेच... मंजू म्हणाली, "आईला सांगू नका." काय सांगणार होतो? आणि सांगून परत काय येणार होतं?

परवा दसरा झाला. यंदा घरात सण नाही, पण वहिनींनी पाट मांडला. "एवढी यांची पूजा चुकायला नको. कुणीतरी करेल की हो दुरुस्त. तोवर यांनी जपल्या तशाच जपायच्या." वाटी माझ्यापुढे सरकवली. "मी आता नाही लावणार. तुम्ही लावा, भावोजी." मी पखवाजाला लावलं, टाळांना लावलं, पेटीला लावलं. मग वहिनींनी वसंताची सीडी दोन्ही हातांनी पुढे धरली. "हिला नीट लावा. हिच्यात आहेत ते."

मी मंजूकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मी हळूच चिमटीत कोरडं कुंकू घेतलं.

"भिजवा ना," वहिनी म्हणाल्या. "ते भिजवून लावायचे."

मी भिजवलं. आणि लावलं, वरच्या बाजूला.