हौसाबाईची नजर आणि पलाझमा

माझ्या सासूबाईंच्या नजरेचं अंजूरमध्ये एवढं कौतुक होतं की लग्न होऊन आल्यावर मला त्याचा रागच यायचा. हौसाबाई ओटीवरून परातीतला खडा सांगतात, हौसाबाईंनी निवडलेली साडी विटत नाही, हौसाबाईंची रेघ दोरी लावून तपासा. ही सगळी जाहिरात माझे सासरे काळूराम स्वतः करत फिरायचे. घरात पंखा आणायचा असो की फरशी, शेवटी बाबांचं एकच ठरलेलं, "हौसाला दाखवा."

रेघेचं जरा सांगायला हवं. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाते, म्हणजे लग्नविधीची गाणी, आणि आमच्या गावात तीच अंगणात तांदळाचा चौक भरते. त्या चौकावर पाट ठेवून नवरीला हळद लावतात. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ह्या गावाच्या धवलारीण. गाता गाता मुठीतून तांदूळ सोडत जायच्या आणि बायका वाकून वाकून बघायच्या. त्या वर्षी त्यांच्या पोटच्या मुलीचं, माझ्या नणंदेचं, उन्नतीचं लग्न ठरलं. लोकांच्या दारात चौक भरून हात झिजले, आता आपल्या दारात भरायचा, हे आई येताजाता बोलायच्या.

आणि त्याच वर्षी मला कळलं की आईंना दिसत नाही.

आधी मला ती धांदल वाटली. उजव्या बाजूचं पातेलं त्यांच्या कोपरानं लवंडायचं, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. एकदा तिन्हीसांजेला माझा नवरा, मनोज, समोर उभा असताना त्या "कोन हाय?" म्हणाल्या आणि मग मस्करी केली म्हणून हसल्या. मी टेमघरची, मास्तरांची मुलगी. शंका आली की तड लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. ब्लाउजपीस आणायच्या निमित्तानं त्यांना भिवंडीत नेलं आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे बसवलं.

काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेल्यात जमा होता, डाव्यानं बांगडीतून बघावं तेवढंच दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली वाचवायची तर ऑपरेशन लवकर करा, थांबलात तर तीही जाईल.

परतताना रिक्षात आईंनी माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "शपथ हाय तुना. हलद होऊं दे, मंग सांग. आता सांगलंस त ह्ये माझ्या डोल्यावर पट्टी बांधतील न् चौकाला आनंदीबाईला बोलावतील. माझ्या पोरीचा चौक दुसरीनं भरायचा काय?"

आनंदीबाई शेजारच्या गावच्या धवलारीण. आईंचं आणि त्यांचं कधी जमलं नाही.

मी हो म्हणून बसले आणि त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. रोज स्वयंपाकघरात आमचं हळू आवाजात भांडण व्हायचं. "आज सांगू?" "न्हाय." "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना?" "तुझं तोंड आवर." मला त्यांची दया यायची आणि संतापही यायचा. एका चौकासाठी माणूस डोळा घालवायला निघतं, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

त्यातच बाबांनी टीव्हीचं काढलं. शेतांवर गोदामं उभी राहिली, भाडी यायला लागली, तसा गावातल्या प्रत्येक नव्या बंगल्यात भिंतीवर प्लाझ्मा टीव्ही चढत होता. बाबा त्याला पलाझमा म्हणायचे. हळदीच्या आधी आपल्याही भिंतीवर तो हवाच, आणि तोही सगळ्यात भारी. व्याह्यांची बोलती बंद झाली पाहिजे. मनोजचं म्हणणं, साधा घ्या, भांडकुदळ मालिका साध्यावरही तेवढ्याच भांडतील. कितीतरी दिवस हा वाद ताटावर चालला. शेवटी बाबांनी हात झटकले.

"हौसा बगेल. ती बोलंल त्यो."

आईंचा घास हातातच राहिला.

दुकानात जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी खूण ठरवली. मी त्यांचा हात धरून उभी राहणार. डावा चांगला असेल तर हात एकदा दाबायचा, उजवा असेल तर दोनदा. आई जरा सैलावल्या. मी मात्र रात्रभर कूस बदलत होते, कारण ह्या लबाडीत आता मीही पुरती सामील झाले होते.

भिवंडीतल्या त्या दुकानात देवेश नावाचा विक्रेता होता, गोड बोलणारा. त्यानं शेजारी शेजारी दोन प्लाझ्मा लावले. डावीकडचा साधा आणि जरा लहान, उजवीकडचा भारी आणि रुंद. दोन्हींची धग अंगाला लागत होती. दोन्हींवर एकच चित्र सुरू झालं, पोपट, फुलं, समुद्र.

"काकी, आरामात बघा. कलर कुठला बेस्ट?"

उजवाच चांगला होता, खोटं कशाला सांगू. मी दोनदा हात दाबला. आई मान तिरकी करून, डावा डोळा पुढे काढून, नीट निरखल्यासारखं करत म्हणाल्या, "उजवीकडचा. त्याचा हिरवा बग कसा ताजा हाय."

हिरवा माझ्या सांगण्यातला नव्हता, तो त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला होता. बाबांनी आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडे बघून घेतलं. "बगलांव? याला नजर बोलतात."

एवढ्यावर सुटलो असतो. पण मनोज अडून बसला, एवढ्याशा फरकासाठी एवढा भारी कशाला? मग देवेशला चेव चढला.

"भाई, असली टेस्ट अंधेरे में होती है. प्लाझ्माची खरी किंमत काळ्यात असते. साध्या सेटवर काळा थोडा राखाडी दिसतो. ह्याच्यावर काळा म्हणजे एकदम काळा." त्यानं शटर खाली ओढलं, दिवे मालवले आणि रात्रीच्या खाडीचं चित्र लावलं. काळं पाणी, काळं आभाळ आणि लांब कोपऱ्यात होडीवरचा एक कंदील.

आईंची नखं माझ्या तळहातात रुतली. तोंड माझ्या कानाशी आणून त्यांनी हळूच विचारलं, "बंद केला काय गो?"

टीव्ही चालू होता. त्यांच्या बांगडीएवढ्या नजरेत तो कोपऱ्यातला कंदील येतच नव्हता. एवढ्या अंधारात त्यांच्यापुढे काहीच उरत नव्हतं, आणि हळद अजून लांब होती.

"बोला काकी, काळा कुठला चांगला?"

आईंनी माझा हात दाबला, खूण मागायला. मी तो घट्ट धरून ठेवला, पण दाबला नाही. त्यांनी पुन्हा दाबला. मी दगडासारखी उभी. शपथ न सांगण्याची होती, खूण करत राहण्याची नव्हती, असं मी मनाला समजावत होते.

"बोल की हौसा," बाबा म्हणाले.

आता खूण येणार नाही, हे आईंना कळलं. त्यांनी माझ्या हातातून आपला हात काढून घेतला, पदर नीट केला आणि धवल्याला लावायच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काला दाखवायचं पैसं घेतंय व्हय यो? काला मना घरी फुकट दिसतंय."

देवेश हसला, मनोज हसला, सगळ्यात मोठ्यानं बाबा हसले. मग त्यांचं हसणं मध्येच अडकलं.

"फुकट दिसतंय म्हंजे?"

"म्हंजे मना दिसत न्हाय. डावा काय न् उजवा काय."

"दिवे लाव रं," बाबा देवेशला म्हणाले. दिवे लागल्यावर ते आईंच्या उजव्या बाजूला गेले आणि त्यांच्या गालाजवळ हात हलवला. आईंची पापणीसुद्धा लवली नाही. मग ते माझ्याकडे वळले. "तुना ठावं होता?"

"हो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते टीव्हीच्या रिकाम्या खोक्यावर मटकन बसले आणि आईंच्या चपलांकडे बघत राहिले. गावभर ज्या नजरेची दवंडी पिटली, ती घरातल्या घरात विझत गेली आणि आपल्याला पत्ता नाही, हे त्यांच्या तोंडावर सरळ वाचता येत होतं. टीव्ही न घेताच आम्ही निघालो आणि बाबांनी गाडी थेट डॉक्टरांच्या दारात नेली.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बांगडीएवढं होतं ते तेवढंच राहिलं, पण राहिलं. आई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. डोळ्यात थेंब माझ्याकडून घालून घ्यायच्या आणि पाणी मात्र उन्नतीकडे मागायच्या. मी थेंब घालत राहिले. कधीकधी वाटायचं, आपण त्यांचं सगळंच काढून घेतलं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाबा पुन्हा आम्हाला त्याच दुकानात घेऊन गेले. ह्या वेळी त्यांनी एक स्टूल मागून घेतलं, घरी आई बसतात तिथून टीव्हीची भिंत असते तेवढ्या अंतरावर ठेवलं आणि आईंना त्यावर बसवलं. कुठला चांगला, हे त्यांनी विचारलंच नाही.

"चारी कडा दिसतात काय?"

भारी पडद्यासमोर आई म्हणाल्या, "न्हाय. मधलाच दिसतंय." साध्यापुढे त्यांनी मान थोडी इकडेतिकडे केली. "दिसतात."

"ह्योच दे," बाबा म्हणाले. देवेश काळ्याचं काही सांगायला लागला, तेव्हा मनोजनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

हळदीचा दिवस उजाडला. अंगण सारवलेलं, बायका दाटीवाटीनं बसलेल्या, आणि बाबांनी हळूच आनंदीबाईंनाही बोलावून ठेवलेलं. त्या पुढेच बसल्या होत्या, तांदळाच्या ताटाला हात लागेल इतक्या जवळ. आई काळा चष्मा लावून आल्या. आनंदीबाईंनी ताट स्वतःकडे ओढलं.

"मृणाली," आईंनी हाक मारली. दुकानातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "ये, बस हितं. मूठ भर."

मी तांदळाची मूठ भरली. त्यांनी माझं मनगट धरलं आणि धवला सुरू केला. आवाज तसाच खणखणीत. गाणं न थांबवता त्यांनी माझं मनगट एकदा दाबलं. मला क्षणभर कळलंच नाही, मग दुकानातली खूण आठवली. मी रेघ डावीकडे वळवली. पुढे दोनदा दाबलं, मी उजवीकडे वळवली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे आता मलाही धड दिसत नव्हतं.

शेवटचा कोपरा जुळला तेव्हा त्यांनी गाणं थांबवून विचारलं, "रेघ सरल आली काय?"

सगळं अंगण ऐकत होतं, आनंदीबाईसुद्धा.

"नाही आई. वाकडी आहे."

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. "र्‍हाऊं दे," म्हणाल्या, "आपलीच हाय." आणि उन्नतीला पाटावर आणायला सांगितलं.