तिसरा काटा

मिठात मुरवायच्या कोबीचे गड्डे अर्धेच चिरून झाले होते. पिंप धुऊन अंगणात उन्हाला उपडं घातलं होतं, आणि डॉमनिकाच्या बोटांना कोबीचा हिरवट वास लागला होता, तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. तिचा मुलगा युस्टिन स्पेनहून थेट गाडी हाकत आला होता. गाडी तिथल्या कुणीतरी वापरून सोडलेली, पण वालेनी गावात डॉमनिकाच्या अंगणात आली म्हणजे ती नवीच.

"आई, सुरी ठेव आणि हात धू," तो उतरता उतरताच म्हणाला. "स्टिअरिंगवर तुलाच बसायचंय."

ओसरीवरून गेरासिम, तिचा नवरा, ओरडला, "कुणाला बसवतोस? हिला? त्यापेक्षा मला पेटीत झोपव नि खिळे ठोक. लवकर पोचेन."

गेरासिमने उभा जन्म सरकारी बस चालवली. साखरेच्या दुखण्याने आधी त्याचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं. दिवसाआड शहरात जाऊन रक्त धुऊन घ्यावं लागे. रोग्यांना नेणारी गाडी असे, पण पुलाचं काम निघाल्यापासून लांबचा वळसा पडतो म्हणून ती वरच्या गावांत येईनाशी झाली, आणि बसच्या थांब्यापर्यंत त्याला चालवत नसे. लायसन्स डॉमनिकाकडे तरुणपणापासून होतं. दूध डेअरीत असताना तिने काढलं होतं. पण घरात बसचालक नवरा असताना बायकोने गाडी हाकायची, हे गेरासिमच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. लायसन्स कपाटात चादरींखाली पडून राहिलं.

युस्टिनने परत जाण्याआधी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. "आई नेत असेल तर बाबा घरी. नाही जमलं तर शहरातला वृद्धाश्रम, हॉस्पिटलच्या मागचाच. मी बोलून ठेवलंय. रोज रोज शेजाऱ्यांच्या पाया पडायला मी तिकडून येऊ शकत नाही."

"वृद्धाश्रमात मला न्यायचं असेल तर आडवं न्या," गेरासिम म्हणाला. त्या वेळी त्याचा आवाज मात्र बारीक झाला होता.

शिकवणी अंगणातच सुरू झाली. आंधळा मास्तर शेजारच्या सीटवर, आणि पांढऱ्या केसांना रुमाल बांधलेली शिष्या स्टिअरिंगवर.

"समोर काय दिसतं, ए बाई?"

"काचेत मी दिसते."

"तुझं तोंड मी पाहिलंय. काटे किती आहेत?"

"एक मोठा, वेगाचा. त्याच्या डावीकडे एक."

"तो इंजिनाच्या फेऱ्यांचा. तो मोजूच नकोस, त्याला कानाने ओळखायचं. गाडी रडायला लागली की गिअर बदल. पुढे?"

"पेट्रोलच्या पंपाचं चित्र असलेला एक बारका. आणि पार उजव्या कोपऱ्यात आणखी एक. पाण्यात काहीतरी बुडवल्यासारखं चित्र आहे."

"तो पाण्याचा. इंजिन किती तापलं ते तो सांगतो. मधोमध उभा असला की त्याला विसर. आयुष्यभर मधोमधच असतो तो. पण वर चढला, तर तिथल्या तिथे गाडी थांबवायची. चढ असो, पाऊस असो, मागे मंत्र्याची गाडी असो. कळलं?"

कळलं होतं. म्हातारपणी नवऱ्याकडून शिव्यांशिवाय काही शिकायला मिळतंय, याचं तिला अप्रूपही वाटलं. रात्री झोपताना ती प्रार्थनेनंतर ते काटे बोटांवर मोजून घ्यायची.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादर विसारिओन आले. नवी गाडी आशीर्वादाशिवाय रस्त्यावर काढत नाहीत. त्यांनी रानतुळशीची जुडी पवित्र पाण्यात बुडवून बॉनेटवर, चाकांवर, सीटांवर शिंपडलं. गेरासिमच्या तोंडावरही थोडं उडालं.

"गाडी धुवायची असेल तर बादली देऊ का, फादर?" तो म्हणाला.

"तोंड बंद ठेव, अरे माणसा," डॉमनिका पुटपुटली.

जाताना फादरनी संत परास्केवेची खेळायच्या पत्त्याएवढी तसबीर दिली, मागे चिकट कागद लावलेली. याश शहरातल्या यात्रेत संतिणीच्या अस्थींच्या पेटीला टेकवून आणलेली. डॉमनिकाने ती काचेखाली, डॅशबोर्डाच्या माथ्यावर लावली. पण तिथला भाग गोलसर. पहिल्याच वळणावर तसबीर सुटली आणि खाली पडली, नेमकी तिच्या बुटाखाली. संतिणीवर पाय! डॉमनिकाने गाडी कडेला घेऊन क्रूसाची खूण केली, तसबीर पुसली, ओठांना लावली. मग सपाट जागा शोधली. सपाट असं एकच होतं, काट्यांवरचं पारदर्शक झाकण. वेगाचा काटा झाकून चालणार नव्हतं, पेट्रोलचाही नाही; फेऱ्यांच्या काट्यापुढे स्टिअरिंगचा दांडा येत होता. उजव्या कोपऱ्यातला तो तिसरा मात्र आयुष्यभर मधोमधच असणारा. तसबीर तिथे अशी बसली की जणू त्या जागेसाठीच छापली होती.

गेरासिमला तिने सांगितलं नाही. त्याने चेष्टा केली असती, आणि त्याच्या तोंडून संतिणीची चेष्टा ऐकायची तिची तयारी नव्हती.

मग रोजचा पाठ ठरला. फाटकाबाहेर पडलं की तो विचारायचा, चर्चमध्ये पाद्री म्हणतो आणि लोक उत्तर देतात तसं.

"वेग?"

"चाळीस."

"पेट्रोल?"

"अर्ध्याच्या वर."

"पाणी?"

"मधोमध."

पहिल्यांदा 'मधोमध' म्हणताना तिची जीभ अडखळली. नंतर ते तोंडात बसलं. गेरासिम मान मागे टेकवून समाधानाने हुं म्हणायचा. एकदा तर शहरातून परतताना त्याने तिच्या गुडघ्यावर थाप मारली. "डेपोत माझ्या हाताखाली असतीस तर पक्की नोकरी दिली असती तुला." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असलं वाक्य तिने त्याच्याकडून ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने मामालिगावर, मक्याच्या घट्ट लापशीवर, चीज जरा जास्तच किसलं.

गाडीत टिंगटिंग मात्र कायम चाले. गेरासिम पट्टा लावत नसे. हातावरच्या सुईच्या जागेला दाबतो म्हणे. पट्टा नाही म्हणून गाडी कोकलायची, आणि दोघांनाही ते ऐकू येईनासं झालं होतं.

नोव्हेंबरअखेर, संत आंद्रेईच्या सणाच्या आदल्या दिवशी दोघं शहराकडे निघाले. बर्फ अजून पडलं नव्हतं, रस्ता कोरडा होता. जंगलातल्या चढावर टिंगटिंग जरा वेगळं वाजल्यासारखं झालं. डॉमनिकाने तिकडे लक्ष दिलं नाही.

गेरासिमने नाक वर केलं. "गोड वास कसला येतोय?"

"कुणीतरी मुरंबा शिजवत असेल."

"जंगलात? इंजिनाच्या पाण्यातल्या औषधालाही असा वास असतो. पाणी बघ."

"मधोमध."

"नीट बघ, बाई."

"सांगितलं ना, मधोमध."

पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळली, इंजिनातून काहीतरी तडकल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी बसली. गेरासिमने हात पुढे केला. बसचालकाचा हात, जागा न बघता सापडणारा. बोटं स्टिअरिंगवरून, झाकणावरून सरकत उजव्या कोपऱ्यात गेली आणि थांबली.

"हे काय आहे?"

"संत परास्केवा," ती म्हणाली.

त्याने तसबिरीच्या कडेला नख लावून ती हळूहळू सोलली. फाटू दिली नाही. तिच्या हातात दिली.

"आता सांग. काटा कुठे आहे?"

"वर. पार लाल रेघेच्या पलीकडे."

"किती दिवस झाले ही इथे लावून?"

"आशीर्वादाच्या दुसऱ्या दिवसापासून."

तो शिव्या देईल, निदान फादरच्या नावाने तरी, म्हणून ती वाट बघत होती. त्याने एकही दिली नाही.

"तसबीर लावलीस म्हणून काही नाही," तो म्हणाला. "माझ्या बसमध्येही होती. सगळ्यांच्याच असते. पण मी रोज विचारत होतो, डॉमनिका. मला दिसत नाही म्हणून विचारत होतो."

तिला खूप सांगायचं होतं. तुझ्या तोंडाला घाबरून मी हे केलं, हेही सांगायचं होतं आणि ते खोटं नव्हतं. आयुष्यभर त्याने प्रत्येक गोष्टीची टर उडवली नसती, तर तिने लपवलंच नसतं. पण तिने फक्त तसबीर रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

गावचा तोआदेर लाकडं घेऊन घोडागाडीने येत होता. त्याने गेरासिमला ओंडक्यांवर बसवून परत आणलं. त्या दिवशीचं रक्त धुवायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी गेरासिमला श्वास लागला, पाय सुजून खांबासारखे झाले, आणि अँब्युलन्सने त्याला शहरात नेलं. तो वाचला. देवाची कृपा, असं सगळे म्हणाले, डॉमनिकाही म्हणाली. गाडीचं इंजिन गेलं ते गेलंच.

हॉस्पिटलमधूनच त्याने युस्टिनला फोन लावायला सांगितलं. डॉमनिका पलंगाशी उभी होती.

"ती वृद्धाश्रमातली जागा अजून आहे का? मग घे."

"बाबा, दुसरी गाडी बघतो ना. आई चालवेल—"

"गाडीला काय झालंय? गाडी चांगली होती." मग बायको ऐकतेय हे माहीत असून तो म्हणाला, "तिथे नर्सला विचारलं की ती साखरेचा आकडा सांगेल. वाईट असला तरी सांगेल."

डॉमनिकाने फादर विसारिओनपाशी पापाची कबुली दिली. त्यांनी क्षमेची प्रार्थना म्हटली, उपास सांगितले. ते तिने मनापासून पाळले. देवाने क्षमा केली असणार, याविषयी तिला शंका नाही. तीन वेळा ती वृद्धाश्रमात जाऊन आली. गेरासिम बाहेर थंडी आहे का विचारतो, तिने नेलेलं सूप कशाचं आहे विचारतो आणि ते पितो. फक्त ज्याचं उत्तर त्याला स्वतः तपासता येणार नाही असं काही तो तिला विचारत नाही. सदऱ्यावर डाग पडला आहे का, हेसुद्धा पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला विचारतो.

आज दुपारी नर्सचा फोन आला. त्याच्या रेडिओचे सेल संपलेत, जाड, मोठे लागतात. डॉमनिकाने चुलीवरचं भांडं उतरवलं, डोक्याला शाल गुंडाळली आणि शहराची बस येण्याआधी सेल आणायला ती दुकानाकडे निघाली.